दंडावरचा वायू : पिको वेलेतावरची रोजनिशी

शनिवार

ग्रानादा सोडलं की रस्ता चढायलाच लागतो. स्पेनमधल्या सिएरा नेवादा डोंगररांगेत, पिको वेलेता शिखराच्या उतारावर २१०० मीटरच्या आसपास प्राडोयानो हे स्कीइंगवाल्यांचं गाव लागतं आणि फेब्रुवारीअखेरच्या बर्फात चाकांच्या गाडीचं काम तिथंच संपतं. पुढचा चढ पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाडीतून. भडक कपड्यांतली माणसं घसरत खाली येत होती आणि आम्ही दोघं लॅपटॉप, छापील नकाशे आणि जाड कोट सांभाळत उलट दिशेला. नवा बर्फ पडू नये अशी इच्छा असलेले त्या डोंगरावर बहुधा आम्हीच.

एका वळणावर तबकडी दिसली. तीस मीटर व्यास, पांढरीशुभ्र, वर घुमट वगैरे काही नाही. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश भागीदारीतल्या आयराम या संस्थेची ही रेडिओ दुर्बीण १९८४पासून इथं २८५० मीटरवर उभी आहे. मिलिमीटरभर लांबीच्या लहरी टिपायच्या तर आरसा त्याहून कितीतरी गुळगुळीत लागतो; या तबकडीचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून सरासरी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकाच ढळतो. त्यासाठी तिच्या पाठीमागचा सांगाडा झाकून त्याचं तापमान सतत राखावं लागतं. एका अंगाला ऊन, दुसऱ्याला सावली, आणि त्यानं सांगाडा जरासा वाकला तरी सगळं मुसळ केरात.

इतक्या उंचीवर यायचं ते पाण्याच्या वाफेसाठी, म्हणजे तिला टाळण्यासाठी. मिलिमीटर लहरींना हवेतली वाफ गिळून टाकते. ढगाळ, दमट हवेत ही तबकडी जवळजवळ आंधळी.

माझा सोबती सिद्धान्तवाला. संगणकात दीर्घिका फिरवतो, तिच्यात दंड, म्हणजे मधोमध ताऱ्यांचा लांबट पट्टा, घडवतो, वायू सोडतो आणि काय होतं ते बघत बसतो. खऱ्या दुर्बिणीवर पहिल्यांदाच आलेला. "इथं डोळा कुठं लावायचा?" हे त्यानं अर्थातच मला डिवचायला विचारलं. रात्रीची पाळी दुसऱ्या गटाची होती. जिना चढताना दोघांनाही दम लागत होता, तेव्हा झोपण्याशिवाय काही केलं नाही.

रविवार

आमचं लक्ष्य एम ६६, म्हणजेच एनजीसी ३६२७ ही दीर्घिका. सिंह राशीत, साडेतीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसियेनं ती मार्च १७८०मध्ये आपल्या यादीत घातली. त्याआधी १७७३ साली तो एका धूमकेतूच्या मागावर होता आणि तो धूमकेतू नेमका शेजारची दीर्घिका एम ६५ आणि एम ६६ यांच्यामधून गेला. त्याच्या उजेडात हे दोन्ही पुंजके मेसियेच्या नजरेतून निसटले. धूमकेतूसारखं दिसणारं पण धूमकेतू नसलेलं जे काही असेल ते टिपून ठेवायचं, हाच त्याचा उद्योग, हे लक्षात घेतलं की गंमत वाटते.

एम ६६ ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. मधून ताऱ्यांचा लांबट दंड जातो आणि त्याच्या टोकांपासून भुजा सुटतात. आपली आकाशगंगाही याच जातीची, पण तिच्या आत बसून तिचा दंड बघणं म्हणजे समोरच्या गर्दीतून आकार ओळखणं. एम ६६ बाहेरून आणि तिरकी दिसते, त्यामुळं आकारही कळतो आणि वेगही मोजता येतो. चेहऱ्यासमोर सपाट दिसणारी दीर्घिका फोटोत देखणी, पण वेग मोजायला कुचकामी: तिच्यातलं फिरणं आपल्याकडे येतही नाही आणि आपल्यापासून लांबही जात नाही.

तारे थंड रेणवीय वायूत जन्मतात आणि हा वायू जवळजवळ सगळा हायड्रोजनचा. अडचण अशी की हायड्रोजनचा रेणू थंडीत मुका असतो. दोन्ही अणू सारखे, त्यामुळं विद्युतभार एका बाजूला झुकलेला नसतो आणि रेणू नुसता फिरून रेडिओ लहरी देत नाही. त्याचं सगळ्यात सोपं उत्सर्जन २८ मायक्रोमीटरवर, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पाचशे केल्विनच्या घरातली. ढगांचं तापमान दहा-वीस केल्विन, म्हणजे उणे अडीचशे सेल्सिअसच्याही खाली. म्हणून साक्षीदार दुसरा शोधायचा: कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ. हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे याचा एक, पण साडेपाच केल्विनच्या ऊर्जेतही तो बोलायला लागतो. त्याची पहिली रेषा, म्हणजे ठरावीक वारंवारतेवरचं उत्सर्जन, ११५.२७ गिगाहर्ट्झवर, दुसरी २३०.५४वर. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी किट पीकच्या ११ मीटर तबकडीनं ओरायन तेजोमेघात ती पहिली रेषा पकडली, तेव्हापासून थंड वायू शोधायचा म्हणजे आधी सीओ बघायचा हा शिरस्ता.

सोबत्याचा प्रश्न रास्त होता. "अरे, पण आल्मानं ही दीर्घिका केली आहे ना?" केली आहे. फँग्स या प्रकल्पात आल्मानं, म्हणजे चिलीतल्या अनेक तबकड्या जोडून केलेल्या दुर्बिणीनं, ९० दीर्घिकांचे नकाशे आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) आसपासच्या बारकाव्यानं काढले आणि त्यात एम ६६ आहे. ते नकाशे बघताना माझाही श्वास अडकतो. पण ते दुसऱ्या रेषेचे. आम्हाला पहिली आणि दुसरी अशा दोन्ही रेषा एकाच तबकडीनं, एकाच वेळी, भुजांच्या विरळ टोकांपर्यंत हव्या होत्या. शिवाय अनेक तबकड्या जोडून केलेल्या वेधात पसरट, मंद उजेड हरवतो. तो भरून काढायला शेवटी एकट्या तबकडीचीच मोजणी लागते. आल्माही त्यासाठी स्वतःच्या काही तबकड्या सुट्या वापरते.

संध्याकाळी पाळी सुरू झाली. दीर्घिका सेकंदाला सुमारे ७२० किलोमीटर वेगानं दूर जाते, त्यामुळं रेषा ११५.२७वर नाही तर ११४.९९च्या आसपास शोधायची. रिसीव्हर चार केल्विनपर्यंत गार केलेला. त्याला आधी खोलीच्या तापमानाचा शोषक दाखवायचा, मग थंड शोषक, मग कोरं आकाश; या तिघांवरून वातावरण किती खातंय ते कळतं. ११५ला ऑक्सिजन नडतो, कारण त्याची स्वतःची रेषा ११८.७५वर शेजारीच बसलेली. २३०ला पाणी नडतं. मिलिमीटरवाल्यांना शुद्ध हवेशीही वैर धरावं लागतं.

रेषेची जागा आणि उंची बरोबर येते का हे तपासायला सिंह राशीतच एक हक्काची वस्तू आहे: आयआरसी+१०२१६ हा कार्बन तारा. म्हातारा, स्वतःचंच कवच सेकंदाला साडेचौदा किलोमीटरनं बाहेर फेकणारा. त्याची सीओ रेषा काही सेकंदांत पडद्यावर उभी राहते, दोन्ही कडा सरळ कापलेल्या. ऑपरेटरनं मान हलवली, तबकडी एम ६६कडे वळली.

केंद्रावरचा पहिला वर्णपट म्हणजे नुसता खरखराट. सोबती खुर्ची पुढं ओढून बसला. मोजण्या साठत गेल्या तशी खरखर बसत गेली आणि तिच्यातून एक पसरट उंचवटा वर आला, शेकडो किलोमीटर प्रतिसेकंद रुंद, वरचा माथा सपाट नाही, दोन्हीकडे किंचित टोकं. उंची केल्विनच्या अंशात. "एवढंच?" तो म्हणाला. एवढंच. पण या उंचवट्याची डावी बाजू म्हणजे, दीर्घिकेच्या एकूण वेगाच्या मानानं, आपल्याकडे येणारा वायू, उजवी म्हणजे दूर जाणारा. एका ठिपक्यात फिरणारं अख्खं केंद्र.

सोमवार

नकाशाचं काम कंटाळवाणं आहे आणि ते मला आवडतं. तबकडी एका जागी थांबत नाही; शेत नांगरल्यासारखी दीर्घिकेवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, जराशी सरकते, परत येते. वाटेत सतत वर्णपट नोंदवत. मध्येच बाहेर, जिथं वायू नाही अशा कोऱ्या आकाशावर जाऊन यायचं, म्हणजे तेवढं वजा करता येतं. एक संपूर्ण नकाशा उभ्या रांगांनी काढायचा, पुढचा आडव्या. एकाच दिशेनं काढले तर हवेच्या चढउतारांचे पट्टे नकाशात कायमचे बसतात.

तासा-दोन तासांनी नेम तपासावा लागतो. मध्यरात्रीनंतर त्यासाठी ३सी २७३ सोयीचा. मार्टेन श्मिट यांनी १९६३मध्ये ओळखलेला हा पहिला क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, आज आमच्यासाठी निव्वळ नेम धरायचा ठिपका. दुसऱ्या रेषेला तबकडीची नजर सुमारे ११ आर्कसेकंदांची, एम ६६च्या अंतरावर दोन हजार प्रकाशवर्षं. पहिल्या रेषेला त्याच्या दुप्पट. नेम तीन आर्कसेकंदांनी चुकला तरी वायू आपल्या जागेपासून पाचशे प्रकाशवर्षं सरकून बसतो.

रात्री दोनच्या सुमारास दीर्घिका सगळ्यात उंचावर आली, ६६ अंशांवर. ("एम ६६ म्हणून?" सोबत्याला झोप अनावर झाली होती.) पहाटेपर्यंत दक्षिण अर्ध्यात रेषा जास्त वेगाकडे सरकलेली दिसायला लागली, उत्तरेत कमी. दीर्घिकेच्या केंद्राच्या मानानं दक्षिण बाजू दूर जाते, उत्तर बाजू आपल्याकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ५५० ते ९०० किलोमीटर प्रतिसेकंद.

मंगळवार

वादळ. तबकडी बंद. खिडकीबाहेर पांढऱ्यावर पांढरं, आणि वाऱ्याचा आवाज कुठूनतरी सतत आत येत होता.

दिवस सत्कारणी लागला तो सोबत्यामुळं. त्यानं लॅपटॉपवर आपली दीर्घिका फिरवून दाखवली. तारे एकमेकांच्या कक्षा बिनधास्त ओलांडतात, कारण ते जवळजवळ कधीच आपटत नाहीत. वायूला ती सवलत नाही. दंड स्वतः एखाद्या आकृतीसारखा सबंध फिरतो, पण त्याच्या आतल्या भागातला वायू त्याहून वेगानं, म्हणजे तो दंडाला मागून गाठतो, आत शिरतो आणि पुढच्या कडेशी आपटतो. तिथं धक्का बसतो, वायू चेपला जातो, धूळ दाटते. दंडयुक्त दीर्घिकांच्या फोटोत दंडाच्या पुढच्या कडेनं ज्या काळ्या रेघा दिसतात त्या हीच जागा. या धक्क्यात आणि दंडाच्या ओढीत वायू आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, गमावतो आणि रेघेच्या बाजूनं केंद्राकडे घसरतो. केंद्राजवळ बऱ्याचदा त्याचं कडं तयार होतं.

"आणि तुझ्या संगणकात तारे कधी जन्मतात?" मी विचारलं.

"घनता ठरावीक मर्यादेपुढं गेली की."

"म्हणजे वायू दाटला, तारा झाला."

"बहुतेक सगळे असंच करतात," तो म्हणाला, जरा सावध होऊन.

बुधवार

दुपारी ढग फाटले आणि संध्याकाळी हवेतली वाफ दोन मिलिमीटरच्या खाली गेली. म्हणजे वातावरणातलं सगळं पाणी खाली उतरवून पसरलं तरी थर दोन मिलिमीटरचा नाही. अशा रात्री २३० गिगाहर्ट्झवर काम करणं हे सुख आहे. आम्ही दोन्ही रेषा लावून दंडावर वळलो आणि पहाटेपर्यंत तिथून हललो नाही.

साठलेल्या नकाशातून तीन जागांचे वर्णपट मी शेजारी शेजारी लावले. केंद्र: उंच, रुंद. दंडाचं दक्षिण टोक, जिथून भुजा फुटते: उंच, बारीक, आणि शिखराला एका बाजूनं स्पष्ट खांदा. या दोघांच्या मधे, दंडाच्या अंगावर: बुटकी आणि फताडी रेषा. तिच्याखालचं क्षेत्रफळ मात्र नगण्य नाही. वायू आहे. अणुरूप हायड्रोजनपेक्षा रेणवीय हायड्रोजन जास्त असलेली ही दीर्घिका, आणि दंड तिचा रिकामा भाग नव्हे.

मग त्यावर मी हायड्रोजनच्या लाल रेषेचं चित्र ठेवलं, जे मुख्यतः तरुण, तापट ताऱ्यांभोवती उजळतं. दंडाची दोन्ही टोकं लाल गाठींनी भरलेली. केंद्र उजळ. मधला दंड जवळजवळ कोरा.

सोबती बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टोकावरचा खांदा मोठा करून दाखव." खांदा म्हणजे दुसरा वेग. एकाच नजरेच्या ठिपक्यात दोन वेगांचा वायू: एक दंडाच्या लांबट कक्षांवरून परतणारा, दुसरा भुजेवरून येणारा. टोकाशी दोघांची गाठ पडते, तिथं वायू रेंगाळतो, साचतो, ढग ढगांवर जातात. दंडावर उलट आहे. तिथं धक्क्याच्या एका बाजूचा वायू आणि दुसऱ्या बाजूचा वायू यांच्या वेगात थोड्याशा अंतरात मोठा फरक पडतो, आणि मधे सापडलेला ढग आकुंचन पावायच्या आधीच ताणला जातो, फाटतो.

मी आक्षेप घेतला, आणि तो मी अजून सोडलेला नाही. आमच्या नजरेचा एक ठिपका दोन हजार प्रकाशवर्षांचा. त्यात डझनावारी ढग मावतात. रेषा फताडी आहे म्हणून प्रत्येक ढग फाटतोय असं नाही. वेगवेगळ्या वेगाचे शांत ढग एकत्र मोजले गेले तरी रेषा अशीच दिसेल.

"दिसू दे," तो म्हणाला. "शेजाऱ्याशेजाऱ्यांत एवढा वेगाचा फरक असेल तर तेच तर सांगतोय ना मी? घनतेची मर्यादा लावून मी इथं तारे पेरले असते. दुर्बीण म्हणते, नाहीत."

पहाटे पाचला हा वाद ऑपरेटरला इंग्रजीत समजावून सांगायची वेळ आली. त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि नेम तपासायची वेळ झाल्याचं सांगितलं.

गुरुवार

दुपारी उठून हिशेब. क्लास नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वर्णपटाची पायरेषा सरळ करायची, खराब झालेले फेकायचे, उरलेले रचून घन करायचा: दोन बाजू आकाशाच्या, तिसरी वेगाची. समान वेगाच्या रेघा काढल्या की त्या दीर्घिकेच्या बाहेरच्या तबकडीत सरळसोट जातात आणि दंडापाशी येताच एस अक्षरासारख्या वळतात. नुसतं गोल फिरणाऱ्या वायूत असं वळण येत नाही. कक्षा लांबट असल्याचा हा पुरावा, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या नकाशात हाच भाग सगळ्यात भरवशाचा, कारण वेग मोजायला वस्तुमान माहीत असावं लागत नाही.

वस्तुमानाचं तसं नाही. सीओच्या उजेडावरून हायड्रोजनचं वजन काढायला एक गुणक वापरतात. आकाशगंगेत तो एक केल्विन-किलोमीटर-प्रतिसेकंद उजेडामागे दर चौरस सेंटिमीटरला २ वर २० शून्यं इतके हायड्रोजनचे रेणू, असा धरतात. दीर्घिकेच्या तबकडीत तो बरा चालतो. केंद्रात वायू तापलेला आणि घुसळलेला असतो, तेवढ्याच रेणूंमागे सीओ जास्त उजळतो आणि नेहमीचा गुणक लावला तर केंद्र फुगून दिसतं. दोन रेषा एकत्र मोजायचा फायदा इथं होतो. दीर्घिकांच्या तबकड्यांत दुसऱ्या रेषेचं पहिलीशी गुणोत्तर साधारण ०.६ ते ०.७ येतं; केंद्राकडे ते चढलेलं दिसलं की समजायचं, वायूची जात बदलली. आमच्याकडे ते चढलेलं आहे. किती, हे आत्ताच लिहीत नाही. नेमाच्या दुरुस्त्या अजून लावायच्या आहेत. एकूण रेणवीय वायू अब्जावधी सूर्यांचा, एवढ्यावर कोणत्याही गुणकानं मतभेद होत नाही.

शेवटची रात्र भुजांची. दोन्ही भुजा सारख्या नाहीत आणि त्याचं खापर शेजारणीवर फोडतात: एनजीसी ३६२८ ही दीर्घिका, जी मेसियेला दिसलीच नाही आणि १७८४ साली हर्शेलला सापडली. तिची एक लांबलचक शेपटी आकाशात पसरलेली आहे, जुन्या जवळिकीची खूण. भुजांच्या बाहेरच्या भागात रेषा इतकी क्षीण की तासभर मोजूनही खरखरीत शोधावी लागली. उत्तरेकडे एका जागी ती आहे असं मी म्हणतो, सोबती नाही म्हणतो.

शुक्रवार

सकाळी बर्फगाडीची वाट बघताना दुर्बिणीचा वेळ मागायच्या पुढच्या अर्जाचं बोलणं निघालं, आणि ते ग्रानादापर्यंत चाललं. दंडावरच्या वादाचा निकाल सीओनं लागणार नाही. सीओ विरळ वायूतही बोलतो आणि दाट वायूतही. दाट गाभ्यांसाठी हायड्रोजन सायनाइड हवं, म्हणजे एचसीएनची ८८.६३ गिगाहर्ट्झवरची रेषा; एम ६६च्या वेगानं ती ८८.४२च्या आसपास येईल. तिला बोलायला कितीतरी जास्त घनता लागते. दंडावर सीओ आहे आणि एचसीएन जवळजवळ नाही असं निघालं, तर वायू दाटायच्या आधीच ताणला जातो हे त्याचं म्हणणं मान्य करायला मी तयार आहे. एचसीएनही तिथं ठणठणीत सापडलं, तर गाभे असूनही तारे का नाहीत हे त्याच्या संगणकाला सांगावं लागेल.

ही रेषा सीओपेक्षा दहापटीहून क्षीण, त्यामुळं नकाशाचं स्वप्न बघायचं नाही. जागा निवडायच्या आणि एकेका जागी रात्र काढायची. मी लिहिल्या: केंद्र, दंडाचा मध्य, दक्षिण टोक. तो म्हणाला, उत्तर टोकही घाल, दोन टोकांत फरक असला तर शेजारणीचा हात कळेल. मी म्हटलं, मागितलेला वेळ कापला गेला तर उत्तर टोक आधी जाईल. त्यानं पेन घेतलं आणि यादीत उत्तर टोक केंद्राच्या वर लिहिलं. केंद्रात एचसीएन असणार हे सगळ्यांना माहीतच आहे, असं त्याचं म्हणणं. कापायचंच असेल तर ते कापा.